‘ट्रोप’ हा शब्द समोर आला की काय करायचं

माझी भाची पुण्यात मास मीडिया शिकते. दिवाळीत साताऱ्याला आली ती असाइनमेंट सोबत घेऊनच: ‘मराठी चित्रपटांतील तीन ट्रोप सोदाहरण स्पष्ट करा.’ फराळाची ताटली बाजूला सारून मोबाइलवर शोधाशोध सुरू झाली. एका ठिकाणी निघालं, ट्रोप म्हणजे रूपक वगैरे. दुसरीकडे, ट्रोप म्हणजे एखाद्या वस्तूचा फक्त तिच्याचपुरता असलेला गुण. तिसरीकडे, ट्रोप म्हणजे हिरोचा धक्का लागतो आणि हिरॉइनची पुस्तकं खाली पडतात ते. “मावशी, ही सगळी माणसं एकाच शब्दाबद्दल बोलतायत का गं?”

मला हसता येईना, कारण याच शब्दानं मला एकदा चांगलं गंडवलं होतं. एम. ए.ला असताना काव्यशास्त्राच्या पेपरसाठी म्हणून मी लायब्ररीतून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं. नावात ट्रोप होता, एवढंच बघितलेलं. चाळीस पानं झाली तरी कवितेची एक ओळ येईना. लेखक आपला टोमॅटोच्या लाल रंगातच अडकलेला. आता येईल, मग येईल करत मी वाचत राहिले. ते पुस्तक तत्त्वज्ञानाचं होतं. परत करायला उशीर झाला म्हणून दंड भरला तो वेगळाच.

भाचीला जे चार दिवसांत, चकल्या खात खात सांगितलं, तेच इथं पायरीपायरीनं लिहिते.

पहिली पायरी: मूळ एकदा चाचपून बघा

ग्रीकमध्ये ‘त्रोपोस’ असा शब्द आहे, वळणे या अर्थाच्या धातूपासून आलेला. कर्कवृत्ताला इंग्रजीत ज्या नावानं ओळखतात त्यातला ‘ट्रॉपिक’ही तिथलाच, सूर्य तिथवर येतो आणि माघारी वळतो. पण त्रोपोसचा दुसराही अर्थ आहे: रीत, ढंग, स्वभाव.

एकाच शब्दात हे दोन अर्थ कसे, असं मराठी माणसानं विचारू नये. खंबाटकी घाटातलं ते वळण, आणि ‘पोराला चांगलं वळण लागलंय’ हेही वळणच. अक्षरालाही वळण असतं. एका वळणावर वाट बदलते, दुसऱ्या वळणात गोष्ट रुळते. साहित्यातला ट्रोप पहिल्या जातीचा आणि सिनेमातला दुसऱ्या जातीचा, एवढं ध्यानात ठेवलं तरी निम्मा गोंधळ मिटतो. उरलेला निम्मा तत्त्वज्ञानाचा आहे आणि त्याला थोडा वेळ द्यावा लागतो.

दुसरी पायरी: शेजारी कोण बसलंय ते बघा

शब्द भेटला की लगेच अर्थ लावू नका, आधी आजूबाजूचे शब्द वाचा. जवळपास रूपक, लक्षणा, वक्तृत्व, कविता असेल तर तुम्ही साहित्याच्या अंगणात आहात. पात्र, कथानक, क्लिशे, जॉनर असं काही दिसलं तर सिनेमाच्या. द्रव्य, गुणधर्म, सामान्य आणि विशेष असली मंडळी दिसली तर तत्त्वज्ञानाच्या. ‘दहा ट्रोप’ किंवा ‘पाच ट्रोप’ असा आकडा आला तर बहुतेक ग्रीक संशयवादी. मध्ययुगीन चर्चमधल्या संगीतातही ट्रोप असतो, म्हणजे ठरलेल्या गायनात घातलेली भर. तो तुम्हाला क्वचितच भेटेल, भेटला तर नमस्कार करून पुढं जा.

तिसरी पायरी: साहित्यातला ट्रोप, म्हणजे शब्द वळला का हे तपासणं

इथं थोडं बसू, कारण या बाबतीत आपल्याकडे घरचीच हत्यारं आहेत.

चार वाक्यं घ्या. ‘ऊसदराचं आंदोलन पेटलं.’ ‘साताऱ्यानं आज दुकानं उघडली नाहीत.’ ‘घरात खाणारी तोंडं सहा आणि कमावते हात दोन.’ आणि दुधाचं पातेलं उतू घालवलेल्या पोराला आई म्हणते ते, ‘वा, काय उजेड पाडलास!’

अकराव्या शतकातल्या मम्मटानं ‘काव्यप्रकाशा’त लक्षणेच्या, म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ सोडून दुसरा घ्यायच्या, अटी सांगितल्यात: ‘मुख्यार्थबाधे तद्योगे...’ आपल्या भाषेत याचे तीन प्रश्न होतात. शब्दाचा सरळ अर्थ कुठं अडतोय का? अडला, तर जो अर्थ आपण घेतो त्याचं सरळ अर्थाशी नातं काय? आणि बोलणाऱ्यानं असं आडवळणानं बोलायचं कारण काय: नुसती रूढी, की त्यातून काही साधायचंय?

आंदोलनावर बादलीभर पाणी ओतून बघा. विझत नाही, म्हणजे सरळ अर्थ अडला. नातं सारखेपणाचं आहे, आगही पसरते आणि आंदोलनही पसरतं. हे रूपक. सातारा हे गाव, त्याला शटर उघडायला हात कुठून? गाव आणि गावात राहणारी माणसं यांचं नातं शेजाराचं, सहवासाचं. याला पाश्चात्त्य लोक मेटोनिमी म्हणतात. मराठीत सगळ्यांच्या तोंडी बसलेला एकच प्रतिशब्द नाही, मी ‘शेजारावरून बोलणं’ असं सांगून वेळ भागवते. तोंड आणि हात हे माणसाचे भाग, त्यांवरून अख्खा माणूस घ्यायचा, ही सिनेकडकी. आणि आईनं पाडलेला उजेड म्हणजे उलटं बोलणं, उपरोध. केनेथ बर्क या अमेरिकी समीक्षकानं १९४१ मध्ये या चौघांना मुख्य ट्रोप म्हणून एकत्र बसवलं, तेव्हापासून पाठ्यपुस्तकांत चौघं जोडीनंच फिरतात.

आता कारणाचा प्रश्न. तो नवखी माणसं सोडून देतात आणि खरी गंमत तिथंच असते. संस्कृतातलं गाजलेलं उदाहरण आहे, ‘गंगायां घोषः’, गंगेवर गवळीवाडा. वाहत्या पाण्यात गोठा बांधता येत नाही, म्हणून ‘गंगा’ हा शब्द काठाकडे वळतो. मग सरळ ‘काठावर’ का म्हणायचं नाही? कारण ‘गंगा’ म्हटलं की तिचा गारवा आणि पावित्र्यही त्या वाड्यात येतं. ‘काठ’ म्हटल्यावर नुसती जमीन येते.

हेच वाक्य आपल्याकडे बोलून बघा. वाईतला माणूस सांगतो, “आमचं घर अगदी कृष्णेवर आहे.” लगेच घाटाच्या पायऱ्या, देवळाची सावली, संध्याकाळचा वारा. तेच वाक्य सांगलीतल्या गावभागातला माणूस बोलला, तर २००५ आणि २०१९ चे पूर आठवून ऐकणारा विचारतो, “पाणी कुठवर आलं होतं?” लक्षणा तीच, कृष्णाही तीच. साधलं मात्र वेगळंच. असाइनमेंटमध्ये नुसतं ‘इथं मेटोनिमी आहे’ लिहून थांबणाऱ्यांना मी निम्मेच मार्क देईन.

दोन चुका टाळा. पहिली, ट्रोपचं भाषांतर सरसकट ‘अलंकार’ करू नका. पहिल्या शतकातल्या क्विंटिलियन या रोमन वक्तृत्वाच्या शिक्षकानंच दोन खाती वेगळी केली होती. जिथं शब्दाचा अर्थ हलतो तो ट्रोप, जिथं शब्दांची मांडणी नटते ती फिगर. यमक आणि अनुप्रास आपल्याकडे अलंकार आहेत, पण त्यांत अर्थ जागचा हलत नाही, म्हणून ते ट्रोप नव्हेत. उपमेचंही तसंच. ‘चंद्रासारखं मुख’ म्हटलं तर चंद्र आपला आभाळातच राहतो, ‘सारखं’ हा शब्द सगळी जबाबदारी उचलतो. ‘मुखचंद्र’ म्हटलं की चंद्राला खाली यावं लागतं.

दुसरी चूक म्हणजे मेलेले ट्रोप खणून काढणं. स्टँडवर गाडी फलाटाला लागते, मग त्याच गाडीत बसल्यावर एखाद्याला गाडी लागते, आणि पाचवडला पोचेपर्यंत त्याला भूकही लागते. तिन्ही ‘लागणं’ कधीतरी वळलेली असतील, आता ती नुसती रूढी आहे. भाषेत असे सांगाडे पोत्यानं आहेत. भाचीनं पहिल्या दिवशी असे सतरा लिहून आणले होते!

चौथी पायरी: सिनेमातला ट्रोप, म्हणजे गोष्ट कुठल्या वळणावर रुळली हे ओळखणं

इथं शब्दाच्या अर्थाला कुणी हात लावत नाही. पुन्हा पुन्हा वापरात आल्यानं प्रेक्षकाला आधीच ओळखीचा झालेला प्रसंग, पात्र किंवा युक्ती म्हणजे ट्रोप. वळणाचं पाणी वळणावरच जाणार, हे प्रेक्षकाला ठाऊक असतं आणि दिग्दर्शकालाही ठाऊक असतं की त्याला ठाऊक आहे.

हे सिनेमाबरोबर आलं असं समजू नका. सांगलीला १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगवलं, तेव्हापासूनच्या पौराणिक नाटकांत काही गोष्टी पक्क्या ठरलेल्या. आधी सूत्रधार, मग विदूषक, मग गणपती आणि सरस्वती. राक्षस कधी चालत येत नसे, तो आरडाओरडा करत, तलवार फिरवत, ‘अललडुर्र’ करत यायचा. त्या आरोळीसरशी मागच्या रांगेतल्या पोरालासुद्धा कळायचं, कोण आलं ते. पुढं पुढं तीच आरोळी इतकी झाली की या नाटकांना चेष्टेनं ‘अललडुर्र’ म्हणू लागले. म्हणजे ट्रोपचा क्लिशे कसा होतो, हे बघायला आपल्याला हॉलिवूडपर्यंत जायची गरज नाही. तमाशातली गवळण घ्या. गवळणी मथुरेच्या बाजाराला निघणार, सोबत मावशी असणार, वाटेत पेंद्या आडवा येणार आणि मावशी दात नसलेल्या तोंडानं त्याच्याशी हुज्जत घालणार. वाळवा तालुक्यातल्या रेठऱ्याच्या पठ्ठे बापूरावांचं नाव आजही ज्या फडांत घेतात, तिथं हे शेकडो रात्री झालं आणि लोक तरीही बसले. कुणाला काय होणार याची उत्सुकता नव्हती. यंदाची मावशी काय बोलते, ते ऐकायचं होतं. (“म्हणजे तू ट्रोप आहेस तर,” भाची म्हणाली. मी तिच्या ताटलीतली करंजी काढून घेतली.)

ट्रोप पकडायचा कसा, ते एका उदाहरणावर करून बघू. फुफाटा उडवत लाल एसटी येते, फाट्यावर थांबते, एकटाच माणूस ट्रंक घेऊन उतरतो, गाडी निघून जाते, धूळ खाली बसते.

आधी यातली नावं काढून टाका: गावाचं, पात्राचं, नटाचं. नावं काढूनही प्रसंग ओळखू येत असेल तर तो ट्रोप असायची शक्यता आहे. दोन-तीन वेगवेगळ्या सिनेमांत तो सापडला पाहिजे, एकाच सिनेमात पुन्हा पुन्हा येत असेल तर ते त्या सिनेमाचं मोटिफ.

मग विचारा, यानं दिग्दर्शकाचं कोणतं काम वाचवलं? फाट्यावरच्या एसटीनं बरंच वाचवलंय. माणूस बाहेरचा आहे, गाव आडबाजूला आहे, मनात आलं म्हणून लगेच परत जाता येणार नाही, आणि गावाला अजून तो कोण हे माहीत नाही. चार पानांचे संवाद एका गाडीनं खाल्ले. नवखी माणसं ट्रोप म्हटलं की नाक मुरडतात, ते मला पटत नाही. सुताराच्या पेटीत पटाशी रोजचीच असते, म्हणून कुणी ती फेकून देत नाही.

शेवटी, मोडून बघा. एसटी थांबलीच नाही तर? उतरली ती नव्वदीची आजी असेल तर? मोडल्यावर प्रेक्षक चमकत असेल तर ट्रोप जिवंत आहे. मोडला काय नि ठेवला काय, कुणाला काहीच वाटत नसेल, तर तो क्लिशे होऊन गेलाय.

काही ट्रोपांचं वय बघून चक्कर येते. जत्रेत हरवलेले भाऊ शेवटी लॉकेटवरून ओळखतात, यावर आपण हसतो. शकुंतलेची अंगठी मग काय होती? आणि ॲरिस्टॉटलनं काव्यशास्त्रावरच्या ग्रंथात खुणांवरून, व्रणांवरून आणि गळ्यातल्या दागिन्यांवरून होणारी ओळख सांगून वर टोमणा मारलाय की ही ओळख पटवायची सगळ्यात कमी कलेची रीत. त्याच्या काळातही प्रेक्षक वैतागले असणार.

एक धोक्याचा दगड इथं आहे. सिनेमात साहित्यातला ट्रोपही असतो. चॅप्लिनच्या १९३६ च्या ‘मॉडर्न टाइम्स’च्या सुरुवातीला मेंढरांचा कळप धावताना दिसतो आणि त्याला जोडूनच कामावर निघालेल्या माणसांची गर्दी. माणदेशातल्या कुठल्याही माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. हे चित्रांनी केलेलं रूपक आहे, पहिल्या जातीचं वळण. म्हणून सिनेमावर लिहिताना ‘ट्रोप’ कुठल्या अर्थानं म्हणताय, ते पहिल्याच परिच्छेदात सांगून मोकळं व्हा.

पाचवी पायरी: तत्त्वज्ञानातला ट्रोप, आणि त्यासाठी दोन पेढे

साताऱ्याचे दोन कंदी पेढे एका बशीत ठेवा. दोन्ही भाजलेल्या खव्याचे, सारखेच तपकिरी. आता प्रश्न: बशीत तपकिरी रंग किती आहेत?

एक बाजू म्हणते, एक. तपकिरीपणा ही एकच गोष्ट आहे आणि ती दोन्ही पेढ्यांत हजर आहे. याला सामान्य म्हणतात, आणि या विचाराचा वंश प्लेटोपर्यंत जातो. दुसरी बाजू म्हणते, दोन. या पेढ्याचा तपकिरी हा याचाच, त्या पेढ्याचा त्याचा. दोन्ही जुळ्या भावांसारखे सारखे, पण दोन. डावीकडचा पेढा खाल्ला की त्याचा तपकिरी संपला, उजवीकडचा शाबूत. या दुसऱ्या बाजूला जो एकेकटा तपकिरी आहे, तो ट्रोप.

डी. सी. विल्यम्स या अमेरिकी तत्त्वज्ञानं १९५३ च्या लेखात हा अर्थ रूढ केला. त्यांच्याकडे कंदी पेढे नव्हते, म्हणून त्यांनी लॉलीपॉप घेतले. शब्दकोशातल्या अर्थानं हा शब्द जवळजवळ निकामीच आहे, तेव्हा मी तो माझ्या कामाकडे वळवतो, अशा आशयाचं त्यांनी तिथंच लिहून ठेवलंय. म्हणजे इथं मुळातून अर्थ शोधत बसू नका. वळणाच्या अर्थाचा शब्दच उचलून दुसरीकडे वळवलेला आहे.

विल्यम्स यांच्या मते पेढा म्हणजे अशा ट्रोपांची मोळी: हा तपकिरी, ही गोडी, हा खरपूस वास, हा गोलवा. मोळी बांधणारी आणखी वेगळी वस्तू आत नाही.

आपल्याकडच्या वैशेषिकांना, म्हणजे वैशेषिक दर्शनाच्या जुन्या पंडितांना, हे ऐकून नवल वाटलं नसतं, पण ते पूर्ण कबूलही झाले नसते. त्यांच्या मतेही या घटाचं रूप याच घटात समवायानं, म्हणजे न तुटणाऱ्या नात्यानं, राहतं, शेजारच्या घटाचं रूप वेगळं. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त असे चोवीस गुण मोजलेत. पण ते गुणाला धरायला द्रव्य ठेवतात, आणि सगळ्या पांढऱ्यांना पांढरं म्हणता यावं म्हणून शुक्लत्व नावाचं सामान्यही ठेवतात. त्यामुळे ‘गुण म्हणजेच ट्रोप’ असं सरळ समीकरण परीक्षेत लिहू नका. ‘वैशेषिकांच्या गुणाशी जवळचं’ इथपर्यंत चालेल.

याचा उपयोग काय, असं भाचीनं विचारलंच. पावसाळ्यात यवतेश्वरच्या घाटात एखादी गाडी घसरते. ती जगातल्या ओलेपणानं घसरत नाही. त्या वळणावरच्या, त्या मिनिटाच्या, त्या एका ओलेपणानं घसरते. कारण म्हणून जे काम करतं, ते असं एकेकटं असतं, हा या मंडळींचा मोठा मुद्दा.

तत्त्वज्ञानातला दुसरा ट्रोप जुना आहे आणि तिथं त्रोपोसचा ‘रीत’ हा अर्थ नीट बसतो. ग्रीक संशयवाद्यांनी कुठल्याही ठाम मताला अडवायच्या रीती जमवल्या होत्या: एनेसिडेमसच्या दहा, अग्रिप्पाच्या पाच. सेक्स्टस एम्पिरिकसनं त्या लिहून ठेवल्यामुळे आपल्याला मिळाल्या. दहांतलं एक उदाहरण तर आपल्या म्हणीतलं वाटावं: कावीळ झालेल्याला पांढरंही पिवळं दिसतं.

पाचांतल्या तीन तुम्हाला राजवाड्यासमोरच्या कट्ट्यावर फुकट शिकायला मिळतील. “यंदा पाऊस कमीच.” “कशावरून?” “जुनी माणसं सांगतात.” “त्यांचं खरं कशावरून?” आता तीनच वाटा उरतात. प्रत्येक उत्तराला पुन्हा ‘कशावरून’, म्हणजे अनवस्था. किंवा “मी सांगतोय ना!” म्हणून आवाज चढवणं, म्हणजे नुसतं गृहीत धरणं. किंवा, “जुन्या माणसांचं कधी चुकत नाही. बघा की, यंदा पाऊस कमीच आहे.” हे झालं चक्रक. उरलेल्या दोन म्हणजे मतभेद आणि सापेक्षता, त्या कट्ट्यावर वेगळ्या शिकवायला लागत नाहीत.

सहावी पायरी: वही करा

वहीच्या पानावर तीन खण पाडा: शब्द वळला, गोष्ट रुळली, गुण एकटा. संशयवाद्यांना खाली एक ओळ पुरे. आठवडाभर जे ऐकाल, बघाल, खाल त्यातलं काहीबाही त्या खणांत टाकत जा. जे कुठंच बसत नाही तेही लिहा, बहुतेक शिकणं तिथंच होतं.

भाचीला घेऊन मी भाऊबीजेनंतर वाईला गेले. ढोल्या गणपतीच्या घाटावर बसलो. या परिसरात उत्तरेकडची गावं पडद्यावर किती वेळा उभी राहिली, ते तिला सांगत होते: ‘स्वदेस’मधलं उत्तर प्रदेशातलं खेडं म्हणजे आपली मेणवली, ‘गंगाजल’चा बिहारही इथलाच. चहा द्यायला आलेल्या काकांनी ते ऐकलं आणि पाण्याकडे हात करून म्हणाले, “ताई, गंगा इथंच असते की. शूटिंग असलं की येते, पॅकअप झालं की जाते.”

भाचीनं वही काढली. पहिल्या खणात लिहिलं, ‘गंगा = कृष्णा’. मग पेन तसंच धरून बराच वेळ विचार केला आणि दुसऱ्या खणातही लिहिलं, ‘गावाकडची गोष्ट म्हटली की घाट लागतोच’. तिसरा खण रिकामा सोडून तिनं पेढ्यांचा पुडा उघडला.